भेगांना वेळ देताना : सहा पांढऱ्या फळ्यांच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी

आजपासून नव्या मालिकेचे काम हाती घेतले. ६० सेंटीमीटर लांबी-रुंदीच्या सहा चौरस फळ्या, एकच पांढरा रंग, आकृती नाही, रेषा नाही. जे काही दिसायचे ते थराच्या पोतातून आणि तो थर सुकताना आपसूक पडणाऱ्या भेगांमधून दिसावे, एवढीच आखणी आहे. मिनिमलिस्ट चित्रात नजर रमवायला फारसे काही नसते, त्यामुळे जे थोडे असते त्यात खोट असून चालत नाही, हा धडा मला मागच्या मालिकेने दिला.

त्या मालिकेतल्या भेगा मी सुरीने कोरल्या होत्या. समोरून पाहताना त्या बऱ्या वाटत, पण बाजूच्या खिडकीतून तिरपा उजेड आला की त्यांचे बिंग फुटे. प्रत्येक भेगेची खोली सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी, दोन्ही कडा सारख्याच उतरत्या, आणि जिथे मी हात उचलला असेन तिथे ती अचानक तुटलेली. खरी भेग अशी थांबत नाही. ती केसाइतकी बारीक होत जाते आणि मग थरात इतकी विरून जाते की ती नेमकी कुठे संपली तिथे बोट ठेवता येत नाही. अपूर्णतेचे सौंदर्य मांडतो म्हणून मी जे केले होते ते अपूर्णतेचे सोंग होते, ही गोष्ट लक्षात आल्यावर ती चित्रे भिंतीवर पाहणे मला जड जाऊ लागले.

वाबी-साबी, म्हणजे साध्या आणि अपूर्ण गोष्टींत सौंदर्य पाहण्याची जपानी दृष्टी, हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो, आणि खडबडीत दिसेल त्या कशालाही तो चिकटवला जातो. सोळाव्या शतकातल्या जपानमध्ये सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या चहाविधीसाठी चोजिरो या कुंभाराने जे वाडगे केले ते चाकावर न फिरवता हातांनी घडवलेले होते. त्यांची कड किंचित वरखाली जाते ती हातांनी घडवल्यामुळे. पद्धत तशी असल्याने परिणाम तसा झाला. या मालिकेत मला तेवढेच साधायचे आहे : भेग पडेल अशी परिस्थिती मी तयार करायची, आणि भेग मात्र पाडायची नाही.

७ जानेवारी

फळ्या तयार केल्या. १२ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड आहे आणि मागून लाकडी पट्ट्यांचा चौकोन जडवला आहे. एवढा जाड लेप कॅनव्हासवर टिकणार नाही, कारण कापड हवेनुसार ताणते आणि सैल पडते, आणि त्याच्या हालचालीबरोबर ताठ थराचे तुकडे पडतात. फळीही हलते, पण कमी हलते.

सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला चिकट पदार्थ, रात्रभर पाण्यात भिजत घातला होता. १ भाग सरस आणि १२ भाग पाणी, दोन्ही वजनाने. सकाळी त्याचे दाणे फुगून पारदर्शक झाले होते. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून तो हळूहळू वितळवला. सरसाला उकळी फुटू देणे हा या कामातला सगळ्यात सामान्य अपराध आहे. जास्त तापला की त्याची पकड कमी होते, आणि ती कमी झाल्याचे काम पूर्ण झाल्यावरच कळते. मी ६० अंशांच्या पुढे जाऊ दिले नाही. थोडा सरस वाटीत काढून थंड होऊ दिला. बोटाने दाबल्यावर तो लुसलुशीत, पण एकसंध राहिला. असा आला की प्रमाण जमले असे मी समजते.

पहिला हात फळीच्या दोन्ही बाजूंना दिला. मागची बाजू कोरडी सोडली तर पुढचा थर आक्रसताना फळीला आपल्याकडे ओढून वाकवतो. त्यानंतर पुढच्या बाजूला पातळ सुती कापड सरसात बुडवून चिकटवले आणि तळहाताने मधून कडेकडे दाबत त्याखालची हवा काढली.

९ जानेवारी

खडूच्या अस्तराचे हात दिले. गरम सरसावर खडूची भुकटी चाळून सोडत गेले आणि तिचे लहानसे बेट पाण्यावर राहू लागल्यावर थांबले. मिश्रण जोराने घुसळायचे नाही, नाहीतर त्यात हवा शिरते आणि सुकल्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. पहिला हात ब्रशने न देता बोटांनी चोळून दिला, त्यामुळे कापडाच्या विणीत तो नीट बसला. दिवसभरात पाच हात झाले.

१३ जानेवारी

आज मुख्य फळ्यांना हात लावला नाही. पूर्ण दिवस चाचणीच्या पट्ट्यांवर गेला आणि तो सार्थकी लागला असे मनापासून वाटते.

मुख्य लेपात तीन पांढऱ्या गोष्टी आहेत : चिनी माती, खडूची भुकटी आणि संगमरवराची पूड. तिघींचा स्वभाव वेगळा आहे. चिनी मातीचे कण चपट्या पापुद्र्यांसारखे असतात, त्यांच्या मध्ये पाणी बसते, आणि ते पाणी निघून गेले की पापुद्रे एकमेकांजवळ सरकतात. म्हणजे आक्रसण्याचे आणि भेगा पडण्याचे काम तिचे. संगमरवराच्या पुडीचे कण टोकदार आणि मोठे, ते एकमेकांत अडकून सांगाडा तयार करतात आणि थराला फार आक्रसू देत नाहीत. खडू या दोघींच्या मधला. तो पोताला मऊपणा देतो. भेगांचे प्रमाण कमी-जास्त करायचे तर सुरी लागत नाही, या तिघांचा तोल बदलावा लागतो.

एकाच मिश्रणाचे तीन जाडीचे थर दिले. १ मिलिमीटर जाडीच्या थरावर चार-पाच मिलिमीटरच्या घरांची बारीक जाळी आली. ३ मिलिमीटरवर घरे बोटाच्या पेराएवढी झाली, आणि ६ मिलिमीटरच्या थरावर भेगा मोजक्याच, पण रुंद, त्यांच्या मध्ये अडीच-तीन सेंटीमीटरच्या मोकळ्या जागा. याचे कारण असे की सुकणारा थर आक्रसू पाहतो, खालचा पृष्ठभाग त्याला धरून ठेवतो, आणि या ओढाताणीत थर एकदा फाटला की त्या भेगेच्या दोन्ही बाजूंचा ताण काही अंतरापर्यंत सैल होतो. थर जितका जाड, तितके हे अंतर मोठे. म्हणून जाड थराच्या भेगा एकमेकींपासून लांब पडतात.

दुपारी भिंग घेऊन ३ मिलिमीटरच्या पट्टीजवळ बसले आणि एक भेग पुढे जाताना प्रत्यक्ष पाहिली. ती डावीकडून येत होती, तिरकी, संथ. मधल्या एका दाण्याशी ती थबकली, दाण्याला वळसा घालून पुढे निघाली, आणि आधी पडलेल्या एका मोठ्या भेगेच्या जवळ येताच तिने दिशा बदलली आणि तिला काटकोनात जाऊन मिळाली. जवळजवळ प्रत्येक सांध्यावर हेच दिसते. पहिल्या भेगेमुळे तिच्या आडव्या दिशेचा ताण सुटलेला असतो, तिच्या लांबीच्या दिशेचा ताण मात्र शिल्लक असतो, आणि नंतरची भेग त्या शिल्लक ताणाला छेद देत जाते. याचा एक सुंदर परिणाम असा की भेगांचा क्रम वाचता येतो : जी न वळता पुढे जाते ती आधीची, आणि जी येऊन टेकते ती नंतरची. म्हणजे फळीवर सुकण्याच्या त्या दोन-तीन दिवसांची तारीखवार नोंदच उमटलेली असते. सुरीने कोरलेल्या माझ्या भेगांमध्ये हा क्रम नव्हता; त्या एकमेकींना बिनदिक्कत ओलांडून जात होत्या. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नसेल, तरी त्याच्या नजरेला हे खटकत असणार.

एका पट्टीवर चिकट द्रव्य न घालता नुसती चिनी माती आणि पाणी घेतले आहे. ती पुन्हा पुन्हा भिजवून सुकू द्यायची. चिखल असा वारंवार भिजला आणि सुकला की काटकोनी सांधे हळूहळू सरकून १२० अंशांच्या जवळ जातात आणि घरे षट्कोनासारखी होऊ लागतात. हे डोळ्यांनी पाहायचे आहे.

१६ जानेवारी

भेगांचे काम करताना इटलीच्या आल्बेर्तो बुर्री (१९१५–१९९५) यांचा विचार टाळता येत नाही. ते मुळात डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात कैदी म्हणून टेक्ससमधल्या छावणीत असताना ते चित्रे काढू लागले. १९७० च्या दशकात त्यांनी ‘क्रेत्तो’ ही मालिका केली. त्यात चिनी माती, जस्ताचा पांढरा रंग आणि पीव्हीए हे कृत्रिम चिकट द्रव्य यांचा जाड लेप देऊन तो तडकू दिलेला आहे. १९६८ च्या भूकंपात सिसिलीतले जिबेलिना हे गाव उद्ध्वस्त झाले, आणि त्याच्या अवशेषांवर १९८४ पासून त्यांनी काँक्रीटचे प्रचंड पांढरे ठोकळे घडवले. त्यांच्या मधल्या भेगा म्हणजे जुन्या गावातल्या गल्ल्यांच्या वाटा. १९८९ मध्ये थांबलेले ते काम २०१५ मध्ये पूर्ण झाले.

त्या कामापुढे मी नतमस्तक आहे. तरी एक फरक मला स्वतःसाठी नोंदवून ठेवायचा आहे. जिबेलिनाची भेग ही आठवण आहे. ती कुठून जावी हे आधीच ठरलेले होते आणि ते तसेच असायला हवे होते, कारण तिथे खरोखर माणसांच्या पायवाटा होत्या. माझ्या फळ्यांना असा इतिहास नाही. त्यामुळे भेगेला बाहेरून अर्थ चिकटवण्याचा अधिकार मला नाही. तिचा जो काही अर्थ असेल तो पाणी, माती आणि वेळ यांच्यातूनच यायला हवा.

२० जानेवारी

पांढरा कोणता, हा प्रश्न आज सुटला. टायटॅनियमचा पांढरा फार झाकणारा आहे. त्याचे कण प्रकाश इतका परतवतात की खोलगट जागेतली सावलीही उजळून जाते आणि पोत सपाट वाटू लागतो. खडूचा पांढरा तसा नाही. ओला असताना तो करडा, काहीसा पारदर्शक दिसतो, आणि पाणी उडून त्याच्या कणांमध्ये हवा आली की पांढरा होतो. त्याच्या पांढरेपणात हवेचा वाटा असतो. म्हणून खडू तेलात कालवला की त्याची जवळजवळ पारदर्शक लापशी होते, आणि म्हणूनच शेवटी या फळ्यांना वॉर्निश लावता येणार नाही; त्याने कणांमधली हवा भरून जाईल आणि रंग काळवंडेल.

टायटॅनियम अजिबात नाही, असे ठरले. पाच किलो मिश्रणात चमचाभर पिवळी गेरूमाती आणि चिमूटभर काळा रंग घातला आहे. तो स्वतः दिसणार नाही. मात्र त्याच्याशिवाय केलेली पट्टी शेजारी ठेवली की ती निळसर आणि परकी वाटते.

२४ जानेवारी

पहिल्या दोन फळ्यांवर मुख्य लेप दिला. प्रमाण वजनाने : चिनी माती २ भाग, खडू १ भाग, संगमरवराची पूड १ भाग, चिकटवण्यासाठी बरेच पाणी घालून पातळ केलेले पीव्हीए. मिश्रण रात्रभर झाकून ठेवले होते, त्यामुळे मातीने पाणी पूर्ण पिऊन घेतले आणि सकाळी गुठळ्या राहिल्या नव्हत्या.

लेप पत्र्याच्या रुंद पट्टीने दिला. माझा हात उजवा, त्यामुळे पट्टीचा प्रत्येक फेर डावीकडून उजवीकडे वर चढत जातो आणि शेवटी मनगट वळते तिथे लेपाची एक बारीक कड उभी राहते. पूर्वी मी या कडा लगेच मोडत असे. आता त्या राहू दिल्या, पण एकाच प्रकारच्या कडा फळीभर होऊ नयेत म्हणून प्रत्येक फेरानंतर फळीच एक चतुर्थांश फिरवली. हे करताना सतत स्वतःवर लक्ष ठेवावे लागते, कारण खडबडीतपणा छान दिसतो आहे असे वाटले की हात आपोआप तोच झटका पुन्हा देऊ लागतो, आणि तिसऱ्या झटक्याला त्याची नक्षी होते.

जाडी मुद्दाम एकसारखी ठेवलेली नाही. एका कोपऱ्यात २ मिलिमीटर आणि समोरच्या कोपऱ्यात ६. पट्ट्यांवर जे वेगवेगळे पाहिले ते आता एकाच फळीवर बारीक जाळीपासून मोकळ्या पठारापर्यंत पसरत जाईल. रचना म्हणून मी घेतलेला निर्णय एवढाच.

२५ जानेवारी

दोन्ही फळ्या आडव्या, झाकून. अजून एकही भेग नाही. शांतपणे वाट पाहणे हाही कामाचा भाग आहे हे मान्य असूनही मी आज चार वेळा झाकण उचलून पाहिले.

२९ जानेवारी

तिसरी फळी बिघडली. घडले ते नीट लिहून ठेवते.

तिसऱ्या आणि चौथ्या फळीसाठी केलेले दुसरे मिश्रण मी वजन न करता अंदाजाने केले. पीव्हीए जास्त पडले असावे, कारण थर नेहमीपेक्षा गुळगुळीत बसला, आणि तो गुळगुळीतपणा पाहून मी सावध होण्याऐवजी खूश झाले. तिसरी फळी दाराजवळ होती, तिथे रात्रभर पंख्याचा वारा एका बाजूने लागत राहिला. सकाळी वाऱ्याकडचा कोपरा भेगाळून वर उचलला गेला होता. पाच-सहा तुकड्यांच्या कडा वाळलेल्या पानासारख्या वळल्या होत्या, आणि त्यांना खालच्या खडूच्या अस्तराचा पापुद्राही चिकटून आला होता.

कारण जुनेच आहे : खालचा थर अशक्त आणि वरचा सशक्त असेल तर वरचा आक्रसताना खालच्याला उपटून घेतो. चिकट द्रव्याची ओढ किती जबर असते याचे एक उदाहरण नेहमी लक्षात ठेवण्यासारखे आहे. काचेवर नक्षी उठवण्याची एक जुनी पद्धत आहे, त्यात घासून खरखरीत केलेल्या काचेवर दाट सरस लावून तो सुकू देतात, आणि सुकताना तो काचेचेच कपचे ओरबाडून काढतो. जे द्रव्य काच सोलू शकते त्याच्यापुढे खडूच्या अस्तराचा काय निभाव लागणार!

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या विद्यार्थिनीने तो कोपरा पाहिला आणि म्हणाली, “ताई, पण हाच कोपरा सगळ्यात सुंदर दिसतोय. असाच ठेवू या ना.” ती चुकीचे बोलत नव्हती. वळलेल्या कडांखाली सावली साठली होती आणि फळीवर दुसरीकडे कुठेही इतकी खोली नव्हती. मी तिला पातळ पट्टी एका तुकड्याखाली घालून पाहायला सांगितली. पट्टी आरपार गेली आणि तुकडा तिच्या हातात आला. “हे सुंदर आहे, पण हे टिकणार नाही,” एवढेच मी तिला म्हणू शकले.

यावर दिवसभर विचार केला. भेग पडूनही थर फळीला धरून असेल तर ती त्या थराच्या जगण्याची खूण आहे. थराने फळी सोडली असेल तर ते माझ्या हातून झालेले दुर्लक्ष आहे, आणि त्याला अपूर्णतेचे सौंदर्य म्हणणे म्हणजे त्या शब्दाआड लपणे. सुटलेला तुकडा पुढच्या वर्षी कुणाच्या तरी घरी जमिनीवर पडेल, आणि तेव्हा तिथे उरेल ते नुसते उघडे प्लायवूड. चित्र स्वीकारणाऱ्या माणसाला मी तुटक कड देऊ शकते. तुटत राहणारे चित्र देऊ शकत नाही.

३ फेब्रुवारी

तिसऱ्या फळीचे काय करायचे ते ठरवण्यासाठी चित्रसंवर्धनाचे काम करणाऱ्या मैत्रिणीला बोलावले. तिने खोली अंधारी केली, एक दिवा फळीच्या जवळजवळ समपातळीवर धरला आणि एकेका भागावरून हळूहळू फिरवला. तिरप्या प्रकाशात सुटलेले भाग लगेच वेगळे दिसले. मग तिने नखाने हलकेच टकटक केली. धरून असलेला भाग भरीव वाजतो आणि सुटलेला पोकळ. “अगं, तुला वाटतं त्यापेक्षा कमी सुटलंय,” ती म्हणाली. कोपऱ्यातला तळहाताएवढा भागच गेला होता.

तिच्या सांगण्यावरून पातळ सरस बारीक ब्रशने भेगांमधून आत सोडला, तुकडे ओलसर करून मऊ होऊ दिले, वर न चिकटणारा कागद ठेवून वाळूच्या पिशवीचे वजन दोन दिवस दिले. चार तुकडे बसले. दोन बसलेच नाहीत. ते काढून टाकले आणि तिथे खालचे अस्तर तसेच उघडे ठेवले.

त्या दोन रिकाम्या जागा सोनेरी रंगाने भराव्यात, असे एका परिचितांनी सुचवले. किंत्सुगीची कल्पना त्यांच्या मनात होती. मला ती पद्धत फार आदरणीय वाटते : फुटलेले भांडे उरुशी या झाडाच्या चिकाने जोडतात, तो चीक दमट हवेतच नीट कडक होतो, आणि मग सांध्यावर सोन्याची पूड बसवतात. पण तिथे सोने येते ते भांडे पुन्हा वापरात यावे म्हणून केलेल्या दुरुस्तीच्या शेवटी. माझ्या फळीत काही जोडायचे नाही. तिथे सोने म्हणजे उसना दागिना झाला असता. जागा रिकाम्याच राहतील.

८ फेब्रुवारी

चौथ्या फळीचे मिश्रण खरवडून काढले आणि पुन्हा, यावेळी वजन करून, लेप दिला. पाचवी आणि सहावीही झाली. हाताला विश्रांती हवी होती, म्हणून संध्याकाळी चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) आणि शिल्पकार व मुद्राचित्रकार सोमनाथ होर (१९२१–२००६) यांच्या कामांची पुस्तकातली छायाचित्रे पुन्हा काढून बसले.

गायतोंडे रोलरने आणि सुरीसारख्या पट्टीने रंगाचे थर चढवत आणि काढत. त्यांचे चित्र समोर उभे राहून पाहिले तेव्हा मला सगळ्यात जास्त जाणवले होते ते हे की कुठला ठिपका त्यांनी ठेवला आणि कुठला आपोआप राहिला हे वेगळे करता येत नाही. ते फार थोडी चित्रे करत आणि त्यांच्यामधला मोठा काळ विचारात जाई. आपल्याकडे त्यांच्या कामाला सहज अमूर्त म्हटले जाते. ते स्वतः ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कोणत्याही वस्तूवर न बेतलेले, हा शब्द पसंत करत. त्या निवडीमागची काटेकोर वृत्ती मला या कामात दररोज हवी आहे.

होर यांच्या ‘वूंड्स’ या मालिकेत पांढऱ्यावर पांढरे एवढेच आहे. मातीच्या पाट्यांवर त्यांनी चिरा दिल्या, जखमा केल्या, त्यांवरून सिमेंटचा साचा घेतला आणि त्या साच्यात कागदाचा लगदा दाबला. दुष्काळ आणि हिंसा पाहिलेल्या माणसाची ती चित्रे आहेत. तिथल्या चिरा हाताने पाडलेल्या आहेत आणि तरी त्या खऱ्या आहेत. माझ्या ४ जानेवारीच्या नोंदीला हा मोठा अपवाद आहे, आणि तो मी मोकळेपणाने मान्य करते : हाताने केलेली जखम तेव्हा खरी ठरते, जेव्हा तिच्यामागे खरी जखम असते. माझ्या सुरीमागे तसे काही नव्हते. मला पृष्ठभाग देखणा करायचा होता.

१२ फेब्रुवारी

नुसत्या मातीच्या पट्टीला आज भिजवण्या-सुकवण्याची पंधरावी फेरी झाली. काटकोनी सांधे खरोखर उघडत चालले आहेत. काही ठिकाणी तीन भेगा जवळजवळ सारख्या कोनात भेटतात. ही पट्टी मालिकेत येणार नाही, पण कार्यशाळेतल्या भिंतीवर राहील.

१४ फेब्रुवारी

सहाही फळ्या सुकल्या. भिंतीला टेकवून रांगेने उभ्या केल्या आणि पाचवी बाजूला काढली. तिच्या भेगा फळीभर इतक्या सारख्या अंतराने आल्या आहेत की ती पाहताना नजर कुठेच थांबत नाही. जाडी बदलायची मी विसरले होते. थर भक्कम आहे, कसलाही दोष नाही, आणि ती मालिकेत बसत नाही.

तिसरी फळी मात्र बसते. तिच्या दोन उघड्या जागा दोन मीटरवरून दिसत नाहीत; जवळ गेले की अचानक लक्षात येतात, आणि मग बाकीचा पृष्ठभागही वेगळा वाटू लागतो, कारण खाली काय आहे हे एकदा कळलेले असते. हे मी ठरवून केले नसते. केले असते तर ते जमलेही नसते.

१८ फेब्रुवारी

शेवटचा हात. पट्टीने उठलेल्या कडांपैकी बोटाला टोचतील अशाच कडा ओलसर सुती कापडाने चोळून मऊ केल्या. पॉलिश पेपर वापरला नाही. त्याने उंच जागा एका पातळीत येतात आणि भेगांमध्ये पूड भरून त्या बुजतात. भेगांमधली सुटी धूळ मऊ कोरड्या ब्रशने वरच्या वर झटकली. वॉर्निश नाही.

छायाचित्रे घ्यायला अर्धा दिवस लागला. समोरून प्रकाश टाकला तर फळीवर काहीच नाही असे वाटते. दिवा एका बाजूला, फळीशी साधारण १५ अंशांच्या कोनात ठेवल्यावर पोत उभा राहिला. दिवा आणखी खाली नेला तर भेगा भयंकर खोल दिसू लागतात आणि छायाचित्र खोटे बोलू लागते, म्हणून तो मोह आवरला. फळी भिंतीवर लावताना प्रकाश वरून आणि थोडा एका बाजूने यावा, ही सूचना प्रत्येक फळीबरोबर लिहून द्यायची आहे.

२३ फेब्रुवारी

मागच्या बाजूंच्या नोंदी पूर्ण केल्या. प्रत्येक फळीच्या पाठीवर मिश्रणाचे प्रमाण, थराची कमीत कमी आणि जास्तीत जास्त जाडी, लेप दिल्याची तारीख, वॉर्निश लावू नये आणि ओल्या फडक्याने पुसू नये ही सूचना लिहिली. तिसरीच्या पाठीवर दुरुस्तीचाही तपशील आहे : कुठला कोपरा सुटला होता, कोणत्या चिकट द्रव्याने बसवला, किती तुकडे काढून टाकले. पुढे कधी कुणा संवर्धकाच्या हातात ती गेली तर त्याला अंदाज बांधावा लागू नये. चौकटींमध्ये फळीभोवती ५ मिलिमीटरची मोकळी फट ठेवली आहे, म्हणजे दमट हवेत लाकूड फुगले तरी कडा दाबल्या जाणार नाहीत.

गेले तीन दिवस हवा दमट होती आणि आज पुन्हा कोरडी झाली. दुपारी दुसरी फळी उचलताना तिच्या जाड कोपऱ्यात एक नवी भेग दिसली. चार सेंटीमीटर लांब, केसाइतकी रुंद, १८ तारखेच्या छायाचित्रात नाही. ती एका जुन्या रुंद भेगेला काटकोनात टेकली आहे. नखाने टकटक करून पाहिले. आवाज भरीव आला. पाठीवरच्या नोंदीखाली तिची जागा आणि लांबी आजच्या तारखेसह लिहिली, आणि पुढे आणखी कुणाला नोंद करायची झाली तर करता यावी म्हणून खाली चार ओळींची जागा मोकळी सोडली.